आजोबांचा दिवा

आमच्या घरात आजोबा म्हणजे सरडा होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी ‘आजोबांना अळ्या घातल्या’ म्हणाले की तुम्ही मला वेड्यात काढाल.

दाढीवाला सरडा. रंग भाजलेल्या विटेसारखा, लांबी माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि चेहरा असा की सगळं जग आपल्याशी चुकीचं वागलंय आणि आपण ते विसरणार नाही. राग आला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवायचा आणि काळी करायचा. मुलानं त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा खोक्याचं झाकण उघडल्याबरोबर त्यानं आमच्याकडे बघून दाढी फुगवली. मुलगा म्हणाला, “आई, अगदी आजोबा!” माझे सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण साम्य होतं. खोटं कशाला बोलू?

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घर डोक्यावर घेतलं. “कुत्रं आण, मांजर आण, पोपट आण. सरडा? पाल निघाली तर लोक झाडू घेऊन धावतात, आणि हा तिच्या भावाला काचेचा महाल बांधतोय!”

मुलगा नुसता हसत राहिला. तो फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. दिवसभर भिंगातून बघून बघून बारीकसारीक गोष्टींत रमायची सवय लागलेली. त्याच्या वयाच्या पोरापोरींत तेव्हा ही लाटच आली होती. कुणाकडे पिवळाधमक अजगर, कुणाकडे ठिपक्यांची पाल, कुणाकडे कासव. कुणाच्या अजगराच्या अंगावर कसली नक्षी आहे आणि तसली दुसऱ्या कुणाकडेच कशी नाही, यावर ही पोरं जेवण विसरून बोलायची. एकाचा सरडा तर टोपी घालून फोटो काढून घ्यायचा. मी म्हटलं, “आमच्या वेळी माणसं टोप्या घालून फोटो काढायची. बरं झालं, सुटली बिचारी.”

मग मुलानंही फोनवर आजोबांचं पेज उघडलं, ‘आजोबांचा दिनक्रम’. रोज सकाळी एक छोटासा व्हिडिओ. त्यात तो स्वतः दिसायचा नाही, बोलायचाही नाही. फक्त त्याचा हात दिसायचा. निळ्या स्वेटरची बाही, मनगटाशी दोन पांढरे पट्टे, आणि चिमट्यात धरलेली अळी. स्वेटर मीच विणलेला. आजोबा आधी एक डोळा तिरका करून बघायचे, मग पुढचा एक पाय उचलून हवेत हळूच गोल फिरवायचे, आणि मग झडप घालायचे. ते पाय फिरवणं लोकांच्या भारी आवडीचं. ‘आजोबांनी हात केला!’ म्हणून शंभर जण लिहायचे.

“आई, हात नाही करत गं ते,” मुलानं मला सांगितलं होतं. “‘मी लहान आहे, मला मारू नकोस’ असं म्हणतात त्यांच्या भाषेत.”

“म्हणजे तू मोठा आहेस असं त्यांना वाटतं,” मी म्हटलं. “चला, घरात एकाला तरी वाटतं.”



थंडी संपता संपता मुलगा गेला. कामावरून परत येताना, चौकात, ट्रकखाली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

हे दिव्यांचं काम करतात. रस्त्यावरचा दिवा गेला की गाडीच्या पाळण्यातून खांबाच्या टोकापर्यंत जायचं आणि तो बदलायचा. फोन आला तेव्हा ते वरच होते. खाली उभ्या असलेल्या सोबत्याला कळेना की हे एवढा वेळ काय करताहेत. दिवा तर बदलून झाला होता, लागलाही होता. हे आपले वर तसेच उभे.

मी रडले. आल्यागेल्यासमोर रडले, एकटी रडले, भाजी चिरताना रडले. ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली, आणि एका सकाळी मी उठून बघते तर हे मुलाच्या खोलीत काचेच्या पेटीसमोर उकिडवे बसलेले. हातात चिमटा, चिमट्यात वळवळणारी अळी, आणि चेहरा असा की आता उलटी होईल.

“अहो, तुम्ही?”

“मग कोण घालणार? उपाशी मारायचं का त्याला?”

तेव्हापासून आजोबा ह्यांचे झाले. मुलानं जे जसं ठेवलं होतं ते तसंच राहिलं पाहिजे, हा ह्यांचा कायदा. फांदी त्याच कोनात, पाण्याची ताटली त्याच कोपऱ्यात. अळ्यांना पांढरी कॅल्शियमची पूड लावायची ती त्याच्याच चमच्यानं. त्याची खुर्ची टेबलापासून जरा तिरकी ओढलेली होती, ती तशीच तिरकी. एकदा मी फडकं घेऊन खोलीत शिरले तर “राहू दे” एवढंच म्हणाले, पण अशा आवाजात की मी उलट्या पावली बाहेर आले. म्हटलं, असू दे. हाताला काम असलं की माणूस तग धरतो.

मी शिवणकाम करते. घरातच, खिडकीशी मशीन आहे. लोकांचे कपडे सैल करून द्यायचे, घट्ट करून द्यायचे, आणि ते बारीक झालेत की जाड यावर चकार शब्द काढायचा नाही. या धंद्यामुळे दुसऱ्याचा टाका मला लगेच ओळखू येतो. एक दिवस धुण्यात मुलाचा निळा स्वेटर निघाला. मी तो कपाटात घडी घालून ठेवला होता. हातात घेतला तर बाही आखूड लागली. उलटी करून बघितली. मनगटाजवळ, पट्ट्यांच्या वर, दुमडून आतून टाके घातलेले, काळ्या जाड दोऱ्यानं, एक टाका पूर्वेला तर एक पश्चिमेला. जन्मभर तारांना टेप गुंडाळणाऱ्या माणसाचे टाके.

मुलाचे हात लांब होते. ह्यांचे आखूड.

त्याच सुमाराला माझी हाताला लावायची क्रीम भराभर संपत होती आणि मी मनातल्या मनात एका गिऱ्हाईक बाईवर उगाच संशय घेत होते. आता मात्र डोक्यात प्रकाश पडला. फोन उघडून बघितलं. ‘आजोबांचा दिनक्रम’ बंद पडलाच नव्हता. मुलाचा फोन ह्यांनी चालू ठेवला होता. रोजचा व्हिडिओ रोज होता. निळी बाही, दोन पांढरे पट्टे, चिमटा, आणि तो हात! नखांत काळं, अंगठ्यावर जुन्या चटक्याचा डाग. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘दादा, हात एकदम म्हातारा दिसतोय, क्रीम लाव.’ त्याला उत्तर होतं, ‘लावतो.’

मी खो खो हसले. मग मशीनवर डोकं टेकून रडले.

हे घरी आले तेव्हा मी स्वेटर पुढ्यात ठेवला. “लोकांना वाटतंय तो आहे.”

“वाटू दे की,” हे म्हणाले. “कुठेतरी आहे असं वाटतंय तर वाटू दे. कुणाचं काय जातं?”

कितीतरी अनोळखी माणसं रोज सकाळी माझ्या मुलाला ‘दादा’ म्हणून हाक मारत होती आणि त्याच्याकडून त्यांना उत्तर मिळत होतं. मला ते हवंहवंसं वाटलं. मीही सकाळी चहा उकळेपर्यंत तो व्हिडिओ बघायला लागले. बाहीचे ते वेडेवाकडे टाके तेवढे उसवून मी माझ्या हातानं नीट घालून दिले. असली बाही जगासमोर जाऊ द्यायला मन होईना.

असे बरेच महिने गेले आणि पुन्हा थंडी आली. आजोबांचं काहीतरी बिघडायला लागलं.

आधी झडप चुकायला लागली. मग तोंडात घेतलेली अळी सुटून पडायची. पूर्वी अंग उचलून ऐटीत चालायचे, ते पोट घासत चालायला लागले. हनुवटी सुजल्यासारखी दिसायची. पुढचा पाय उचलला की बोटं थरथरायची आणि थरथरतच राहायची. लोक खाली लिहीत, ‘आज आजोबा किती प्रेमानं हात करताहेत, थांबतच नाहीत!’

त्या पेजवर एक मुलगी नेहमी लिहायची. तिच्याकडे कासव होतं, म्हणून सगळे तिला कासववाली म्हणत. तिनं लिहिलं, ‘दादा, पाय वाकडा वाटतोय. उन्हाचा दिवा कधी बदललास? वर्षाच्या आत बदलावा लागतो ना?’ उत्तर होतं, ‘आत्ताच बदलला.’

पेटीत दोन दिवे होते. एक ऊब देणारा, गोल. दुसरा झाकणाखाली लावलेली लांब पांढरी नळी, तो उन्हाचा. घरात राहणाऱ्या सरड्याला खरं ऊन कुठून मिळणार, म्हणून विकतचं. मी उत्तर वाचलं आणि नळीकडे बघितलं. चांगली लख्ख पेटलेली. म्हटलं, बदलली असेल. गावभर दिवे बदलणारा माणूस घरचा बदलणार नाही का?

हे आजोबांना खिडकीतल्या उन्हातही आणून ठेवायला लागले, माझ्या मशीनशेजारी. बाहेर थंडी, म्हणून काच बंद. तिथे आम्ही दोघं बसायचो. मी पँट आखूड करायची आणि ते माझ्याकडे एका डोळ्यानं बघायचे, जणू मी कापड वाया घालवतेय. एक दिवस त्यांना उतरून घ्यायला गेले तर मागचा एक पाय माझ्या तळहातावर चिंधीसारखा लोंबला. मी ह्यांना म्हटलं, “पुरे झालं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”

अशा प्राण्यांची डॉक्टरीणबाई तरुण होती, आमच्या मुलाच्याच वयाची असावी. तिनं हाडांचा फोटो काढला आणि उजेडाच्या पाटीवर लावला.

“हाडं पांढरी, स्पष्ट दिसायला हवीत,” ती म्हणाली. “इथे बघा, नुसता धूर आहे. जबडा दाबला तर रबरासारखा दबतोय. मागचा पाय मोडलाय. खायला काय देता?”

ह्यांनी शाळेतल्या हुशार मुलासारखं धडाधडा सांगितलं.

“पूड?”

“रोज. एक दिवस चुकवलेली नाही.”

“आणि दिवा?”

“चालू आहे.”

“तो चालूच दिसतो हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “दिसायचा उजेड तसाच राहतो. पण उन्हातलं जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यात वर्षभरात संपतं. मग पूड कितीही घाला, अंगी लागत नाही. शरीर हाडांतलंच काढून काढून दिवस ढकलतं.”

“आम्ही खिडकीतल्या उन्हात ठेवतो की,” मी मध्येच म्हणाले.

“काच उघडी असते?”

“एवढ्या थंडीत?”

“मग काचेतून ऊब तेवढी आली. हवं होतं ते काचेनंच अडवलं.” ती ह्यांच्याकडे वळली. “दिवा कधी बदललात?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग फरशीकडे. “मी दिव्यांचंच काम करतो,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईला वाटलं, याला दिव्यातलं कळतं, पुढे समजावायला नको. मी पस्तीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार केलाय. मला कळलं की हे उत्तर नव्हतं.

तिनं पायाला बारीकशी पट्टी बांधली, तोंडातून द्यायचं औषध दिलं, आणि नवा दिवा आजच्या आज लावा म्हणून बजावलं. “वाचतील?” मी विचारलं. ती म्हणाली, “अजून झटके आले नाहीत, तोवर आशा धरा. झटके सुरू झाले तर मग माझ्याही हातात फारसं काही नाही.”

घरी आल्यावर हे कोट न काढताच मुलाच्या खोलीत गेले. कामाची पिशवी उघडली आणि तळातून एक लांब खोका काढला. त्यात नवी कोरी नळी होती. खोक्याचे कोपरे मात्र झिजलेले, किती दिवस पिशवीतून फिरत होता कोण जाणे.

“हा कधी आणला?”

“झाले बरेच महिने. अळ्या आणायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, बदला. मला वाटलं, खपवायचे धंदे यांचे. जळतोय तो दिवा चांगला, हे मी एवढी वर्षं बघतोय. मग म्हटलं, आपल्याला सरड्यातलं काय कळतं? आणला.”

“मग लावला का नाही?”

हे नळीकडे बघत राहिले. “वर हात घातला. नळीवर धूळ होती. धुळीत त्याची बोटं होती. चार अलीकडे, अंगठा पलीकडे. त्यानं बसवली तेव्हाची.”

मी झाकण उचलून बघितलं. होती. घामट हातानं धरल्यावर उमटतात तशी, काचेवर भाजून पक्की झालेली. मुलाची लांब बोटं.

माझं डोकं मात्र फिरलं ते फिरलंच. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो आज बघितला! गावाला उजेड देता आणि घरात हे? त्याच्या बोटांचे डाग जपलेत, आणि त्यानं जीव लावलेला जिता जीव त्या डागांखाली कुजवलात! वर लोकांना लिहिता, आत्ताच बदलला!”

“त्यानं बदलला असता ना,” हे म्हणाले. “मी त्याच्या नावानं लिहितो. त्याच्या नावावर हयगय कशी लिहू?”

मी पेटीचं झाकण उचलून धरलं.

मग ह्यांनी दिवा बदलला. जुनी नळी दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांना धरून काढली, काचेला बोट लागू दिलं नाही. ती मुलाच्या अंथरुणावर ठेवली. नवी बसवली, खटका दाबला. दोन मिनिटांचं काम. नव्या दिव्याचा उजेड मी निरखून बघितला. जुन्यात आणि त्यात मला तसूभर फरक दिसला नाही.

पुढचे दिवस आम्ही दोघं आजोबांभोवतीच होतो. सकाळी हे औषध पाजायचे, दुपारी मी. पेजवर ह्यांनी ‘आजोबा आजारी आहेत’ एवढंच लिहिलं आणि व्हिडिओ टाकायचे थांबवले. लोकांनी काळजीनं विचारून विचारून भंडावून सोडलं. एका सकाळी औषधाची नळी तोंडाजवळ नेल्याबरोबर आजोबांनी दाढी फुगवली. पूर्ण काळी नाही, पण फुगवली.

“चिडले!” हे ओरडले. “अगं, इकडे ये, चिडले बघ! माणूस चिडतो म्हणजे बरा होतोय!”

मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. कामावर जाताना जिन्यात शीळ घालत गेले. मलाही वाटलं, आता चाक फिरलं.

झटका आला तो भर दुपारी. मी एका कोटाचं अस्तर बदलत होते. मुलाच्या खोलीतून काचेवर नखं घासल्याचा आवाज आला. धावत गेले, तर आजोबा कुशीवर पडून ताठ झालेले आणि सगळं अंग थडथडतंय. डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती म्हणाली, आणता येईल तसं आणा. पण मी त्यांना उचलून मांडीवर घेतलं तोवर थडथड थांबली होती. माझ्या गळ्यातली मोजायची टेप त्यांच्या अंगावर लोंबत होती, ती बाजूला केली. त्यांनी एक डोळा उघडला. पुढचा पाय उचलला आणि हळूच एकदा गोल फिरवला. मी लहान आहे, मला मारू नकोस.

“नाही रे बाबा,” मी म्हटलं. “कोण मारतंय तुला?”

पाय माझ्या मांडीवर टेकला तो पुन्हा उचलला नाही. मी कितीतरी वेळ तशीच बसले. त्यांचं अंग हळूहळू खोलीएवढं गार झालं.

मग ह्यांना फोन केला.

“बोल,” हे म्हणाले. पाठीमागे वारा घोंघावत होता.

“कुठे आहात?”

“वर आहे, खांबावर. बोल ना.”

“आधी खाली उतरा.”

“अगं, काय झालं?”

“खाली उतरा. मग सांगते.”

वाराच ऐकू येत राहिला. मग पाळणा उतरतानाची घरघर सुरू झाली, ती संपली, आणि बुटांचा जमिनीवर आवाज आला.

“उतरलो,” हे म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “कळलं मला.”

मागच्या खेपेला फोन करणाऱ्याला ठाऊक नव्हतं की हा माणूस कुठे उभा आहे. या खेपेला मला ठाऊक होतं. माझ्या हातून तेवढंच झालं.

इमारतीच्या मागच्या कुंपणाशी आम्ही आजोबांना पुरलं. जमीन थंडीनं टणक झालेली, ह्यांनी पहारीनं खड्डा केला. मी त्यांना कोटाच्या उरलेल्या अस्तरात गुंडाळलं होतं. चांगलं रेशमी अस्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला, तेवढ्यात हे निळा स्वेटर घेऊन आले.

“आता कशाला?” मी विचारलं.

“लोक वाट बघत असतील. सांगायला हवं.” त्यांनी स्वेटर माझ्या हातात दिला. “बाही उसव. होती तशी कर.”

मी खिडकीशी बसून दोन्ही बाह्यांचे टाके उसवले. दुमडलेलं बाहेर आलं आणि बाह्या पुन्हा मुलाच्या मापाच्या झाल्या. हे स्वेटर घेऊन खोलीत गेले, पण घातला नाही, मांडीवर ठेवला. एका हातात फोन धरला आणि दुसरा हात, उघडाच, अंगठ्यावरच्या डागासकट, रिकाम्या फांदीवर ठेवला. त्या पेजवर आजवर कुणाचाच आवाज गेला नव्हता. ह्यांनी घसा खाकरला.

“आजोबा काल गेले,” हे म्हणाले. “दिवा बदलायला उशीर झाला. बदलला म्हणून सांगितलं ते खोटं होतं. ती चूक दादाची नाही. दादा मागच्या थंडीतच गेला. मी त्याचा बाप बोलतोय.”

एवढंच. फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “काय म्हणतात ते तूच वाच. मला नको.”

चहा निवेपर्यंत उत्तरं यायला लागली. पहिलं कासववालीचं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

‘काका, आम्हाला ठाऊक होतं. हात बदलला त्या सकाळीच कळलं. तुम्ही यायचं थांबवू नये म्हणून आम्ही दादाच म्हणत राहिलो. दिव्याचं मी जोर धरून विचारायला हवं होतं. तुम्ही बदलला म्हणालात, आणि वाटलं, आणखी खोदलं तर सगळंच उघडं पडेल. मला माफ करा.’

तिच्याखाली एकामागून एक येत होतं, ‘हो काका’, ‘आम्हालाही’, ‘हो काका’.

“परत वाच,” हे म्हणाले.

मी परत वाचलं.

“म्हणजे तो गेला हे सगळ्यांना माहीत होतं.”

“हो.”

“तो क्रीम लाव म्हणणारा, त्यालासुद्धा?”

“त्यालासुद्धा असेल.”

हे रिकाम्या पेटीकडे वळले. नवा दिवा आत जळत होता.

“म्हणजे तो कुठेतरी आहे म्हणणारा मी एकटाच राहिलो होतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी मांडीवरचा स्वेटर उचलून अंगात घातला. बाह्या खाली आल्या, हात पूर्ण बुडाले, बोटंसुद्धा दिसेनात. आणि तसेच ते मुलाच्या अंथरुणावर बसून रडायला लागले, मोठ्यानं, लहान पोर रडतं तसे. डोळे पुसायला रुमाल शोधला नाही. विणताना मी बाह्या मुलाच्या मापाच्या, चांगल्या लांब ठेवल्या होत्या. त्या पुरल्या.